मन्हं नाव कोठे शे?

पांडेसऱ्यात आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक जिभाऊ राहत. शिंदखेडा तालुक्यातलं कोरडवाहू शेत भावावर सोडून ते सुरतेला आले आणि जीआयडीसीतल्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर लागले. बारा तासांची पाळी, अंगाला रंगाचा आणि वाफेचा वास. एका रात्री खात्यात आग लागली आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपरीवरून गुजराती पेपर विकत घेऊन आमच्या दारात आले. त्यांना गुजराती बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मी तेव्हा म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत सातवीत होतो आणि गुजराती अक्षरं शिकलो होतो. मी बातमी वाचून दाखवली. मिलचं नाव होतं, मालकाचं नाव होतं, किती बंब आले आणि किती लाखांचा माल जळाला, तेही होतं. जिभाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मन्हं नाव कोठे शे?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'दोन परप्रांतीय कारागीर भाजले.' परप्रांतीय कोणाला म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तेवढी बातमी कापून घेतली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवून दिली. ते कात्रण अजून त्यांच्याकडे आहे.

हा संग्रह त्या प्रश्नातून निघाला आहे. पांडेसरा, उधना, बमरोली, भेस्तान, डिंडोली आणि लिंबायत इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी स्वतःविषयी लिहिलेले किंवा सांगून लिहवून घेतलेले मजकूर इथे एकत्र केले आहेत. ते वाचण्याआधी वाचकाला एका मोठ्या विषयाची ओळख असलेली बरी. तो विषय असा: वर्तमानपत्र, सिनेमा आणि टीव्ही यांच्या आरशात कोणाचा चेहरा दिसतो, कोणाचा दिसत नाही आणि ज्याचा दिसतो त्याचा कसा दिसतो.

अमेरिकेत हा प्रश्न काळ्या-गोऱ्यांचा म्हणून विचारला गेला. १९६७च्या उन्हाळ्यात तिथल्या शहरांत दंगली उसळल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात सरकारबरोबर वृत्तपत्रांनाही जबाबदार धरलं. वृत्तपत्रं गोऱ्यांच्या जगात राहतात, गोऱ्यांच्या नजरेने बाहेर पाहतात आणि काळ्या वस्तीत फक्त काही पेटलं की पोचतात, असं आयोगाचं म्हणणं होतं. आपल्याकडे 'वंश' हा शब्द लोक सहसा वापरत नाहीत. पण माणसाच्या कातडीवरून, बोलीवरून, आडनावावरून आणि तो कुठल्या गाडीतून उतरला यावरून त्याची किंमत ठरवण्याची सवय आपल्याला चांगलीच आहे. वंशाचं काम आपल्याकडे जात, रंग, प्रांत आणि बोली मिळून करतात.

रक्ताच्या अर्थाने वंश म्हणाल तर तोही दूर नाही. आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. सुरतेचा किल्ला १७५९मध्ये इंग्रजांनी घेतला, तो आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या हातून. पण आपल्या ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांत सिद्दी म्हटलं की काळा, क्रूर शत्रू एवढीच त्याची ओळख. गुजरातेत आजही राहणाऱ्या सिद्दी कुटुंबांचं जगणं मराठी वाचकापर्यंत क्वचितच पोचतं. एका समाजाला एकच चेहरा दिला की तो समाज माणसांचा उरत नाही, हे इथे नीट दिसतं.

आता पांडेसऱ्याकडे येऊ. सुरतेच्या दक्षिणेला जीआयडीसीची ही औद्योगिक वसाहत आहे. कृत्रिम धाग्याचं कोरं कापड, ज्याला इथे सगळे 'ग्रे' म्हणतात, ते ताक्यांनी येतं, रंगतं, छापलं जातं, स्टेंटरवर ताणून वाळतं आणि रिंग रोडच्या मार्केटमधून देशभर जातं. या मिलांत आणि शहरातल्या यंत्रमागांवर राबणारी माणसं उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आणि आमच्या खानदेशातून आली. आम्हाला आणणारी वाट सरळ आहे. उधना ते जळगाव हा तापी खोऱ्यातला लोहमार्ग धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत येतो. वाटेत नवापूर लागतं. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. गाडी तिथे थांबते आणि सुटते. प्रवासी तोच असतो, बोचकं तेच असतं. पण फलाटाच्या एका टोकाला तो गाववाला असतो आणि दुसऱ्या टोकाला परप्रांतीय होतो.

त्याची भाषासुद्धा अशीच सीमेवर उभी आहे. तो घरी अहिराणी बोलतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी बोलीला मराठीत न घालता भिल्ली गटासोबत ठेवलं आणि जनगणनेतही 'खानदेशी' वेगळी मोजली जाते. पुण्याच्या कानाला ती गावंढळ मराठी वाटते आणि सुरतेच्या कानाला नुसतीच मराठी. मराठी नाटक-मालिकांत अहिराणी वळण बहुतेक हसवण्यासाठी येतं. नोकराच्या, रखवालदाराच्या, गावाकडून आलेल्या भाबड्या पाहुण्याच्या तोंडी. नायकाने प्रेम व्यक्त करायचं ते प्रमाण मराठीत. आमच्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिलं. म्हणून शाळेच्या दारात आल्यावर ती आईशी अहिराणीत बोलायची थांबतात. घरापासून फाटकापर्यंत 'कथा जाई ऱ्हायनी, माय?' आणि फाटकातून आत 'कुठे चाललीस, आई?' हा बदल मी स्वतः केला आहे. तो मला कोणी शिकवला नव्हता.

पांडेसरा बातमीत केव्हा येतं? आग लागली की, वायू गळला की, खून झाला की. एप्रिल २०१८मध्ये इथे एका लहान मुलीचा मृतदेह सापडला. तिच्यावरच्या अत्याचाराने देश हादरला आणि राष्ट्रीय वाहिन्यांचे कॅमेरे या भागात आले. कितीतरी दिवस ती मुलगी कोण, कुठली, कोणाची, हेच कळलं नाही. लाखो माणसांच्या वस्तीत एक मूल असं बिनओळखीचं राहू शकतं, ही त्या बातमीच्या आतली बातमी होती. कॅमेरे गेले आणि त्या आतल्या बातमीकडे पाहायला फारसं कोणी थांबलं नाही.

त्याआधी सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी जगभर गेली. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. छायाचित्रांत होती ती तोंडाला फडकी बांधलेली, गाडीच्या दारात लोंबकळणारी गर्दी. पुढे आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहर झाडून-पुसून स्वच्छ झालं. त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ती गोष्ट आजही आयुक्तांच्या नावाने सांगितली जाते. पहाटे गटारात उतरलेल्या कामगारांपैकी एकाचंही नाव कोणाला ठाऊक नाही.

एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत सुरतेचे कामगार रस्त्यावर उतरले, 'आम्हाला गावी जाऊ द्या' म्हणून. पुढच्याच महिन्यात, ८ मे २०२०ला पहाटे, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. त्यातले बरेचसे आदिवासी होते. सगळ्या महाराष्ट्राला त्या रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो आठवतो. त्या १६ जणांपैकी एकाचं तरी नाव कोणाला आठवतं का? भाकरीचा फोटो काढणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने पाहिलं म्हणून आपल्याला कळलं. पण दुःखाचं चित्र आपल्याला हवं असतं, दुःख भोगणाऱ्याचं म्हणणं नको असतं. बातमी तिथेच अपुरी राहते.

इथवर वाचून पांडेसऱ्यातला मराठी माणूस सुखावेल. त्याला वाटेल, आपल्यावरचा अन्याय कोणीतरी मांडला. म्हणून पुढचं तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. 'परप्रांतीय' हा शब्द आपल्या घरातलाही आहे. मुंबईची मराठी वर्तमानपत्रं तोच शब्द उत्तर भारतीयांसाठी वापरतात. 'मार्मिक' साप्ताहिक १९६०मध्ये सुरू झालं. त्यात 'वाचा आणि थंड बसा' या सदराखाली मुंबईच्या कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. १९६६मध्ये शिवसेना उभी राहिली, त्याआधी ही जमीन अशी नांगरली गेली होती. मराठी तरुणांची बेकारी खरी होती आणि कारकुनाच्या नोकऱ्या त्यांना मिळत नव्हत्या, हेही खरं होतं. पण त्या रागाला चेहरा दिला गेला तो दाक्षिणात्याचा, लुंगीचा. पुढे २००८मध्ये तोच चेहरा बदलून उत्तर भारतीयाचा झाला आणि टॅक्सीवाले, भाजीवाले, परीक्षेला आलेली पोरं रस्त्यात मार खात होती. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८मध्ये, गुजरातेत हिंदी भाषकांवर हल्ले झाले आणि हजारो माणसं गाड्या धरून पळाली. साबरकांठ्यातल्या एका गुन्ह्यात आरोपी बिहारचा होता आणि त्याची शिक्षा त्याच्या प्रांताच्या सगळ्यांना मिळाली. त्या आठवड्यात आमच्या चाळीत खानदेशी माणसं एकमेकांना म्हणत होती, 'आपल्याला काही होणार नाही, ते भैयांसाठी आहे.' मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

मुंबईत ज्या शब्दाने आपण दुसऱ्याला ओळखतो, त्याच शब्दाने सुरतेत आपली ओळख होते. हे ज्याला कळलं, त्याला या संग्रहाचं निम्मं सार कळलं.

हिंदी सिनेमानेही मराठी माणसाला ठरावीक कपडे शिवून दिले. हवालदार, कामवाली बाई, गँगमधला मराठी पोरगा. 'सत्या'तला भिकू म्हात्रे लोकांना आवडला, कारण त्या साच्यात अखेर हाडामांसाचा माणूस होता. पण साचा तोच राहिला. रंगाचं तर बोलायलाच नको. 'फेअर अँड लव्हली' १९७५मध्ये बाजारात आली आणि २०२०मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद इथे उमटल्यावर तिच्या नावातलं 'फेअर' गेलं. पंचेचाळीस वर्षं सावळ्या मुलींना दर जाहिरातीत सांगितलं गेलं, की नोकरी आणि नवरा दोन्ही गोऱ्या कातडीला मिळतात.

याला छेद देणारा एक चेहरा आमच्याच भागाचा होता. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या वाचत. एक सावळा, विलक्षण बोलक्या डोळ्यांचा चेहरा रोज संध्याकाळी घराघरांत बातम्या सांगत होता. मग 'भूमिका', 'जैत रे जैत', 'उंबरठा', 'चक्र'. ३१व्या वर्षी, १३ डिसेंबर १९८६ला त्या गेल्या. खानदेशातल्या बायका त्यांच्याविषयी बोलताना 'आपली स्मिता' म्हणतात. पडद्यावर आपल्यासारखं कोणी दिसलं की माणूस किती सरळ उभा राहतो, हे त्या दोन शब्दांत आहे.

तरी 'जैत रे जैत'मधली ठाकरीण आणि 'चक्र'मधली झोपडपट्टीतली बाई उभी करणारी ती अभिनेत्री राजकारणातल्या नामवंत घरातली होती. त्या वस्तीतलीच मुलं कॅमेऱ्यासमोर यायला पुढची अनेक वर्षं लागली. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ धावतो, कारण तिची राख उधळली की गोऱ्या शालूचं मन वळेल अशी त्याची समजूत आहे. रंग, जात आणि प्रेम यांची गाठ मराठी पडद्यावर इतकी उघडी कधी पडली नव्हती. हे तिथे पोचू शकलं, कारण कॅमेऱ्यामागे ते भोगलेला माणूस होता.

म्हणून मूळ प्रश्न लेखणी कोणाच्या हातात, हाच आहे. १९९६मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने 'पायोनियर'मध्ये लिहिलं, की तीस वर्षांच्या पत्रकारितेत त्यांना एकही दलित पत्रकार भेटला नव्हता. त्यांनी सरकारमान्य पत्रकारांची यादी काढली. ६८६ नावांपैकी ४५४ जणांच्या आडनावावरूनच जात कळत होती, त्यात एकही दलित नव्हता. उरलेल्यांतल्या ४७ जणांना त्यांनी विचारलं, त्यातही एकही दलित निघाला नाही. २०१९मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी इंग्रजी-हिंदी माध्यमांची पाहणी केली. १२१ प्रमुख पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. मग डाइंग मिलच्या कामगाराचं नाव शेवटच्या ओळीत का गळतं, याचं वेगळं कारण शोधायची गरज नाही. बातमी लिहिणाऱ्याच्या ओळखीत, नात्यात, शेजारात असा माणूसच नसतो.

राजकारणात आमची माणसं वर गेली, हे खरं आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९पासून नवसारीचे खासदार आहेत. २०१९मध्ये ते ६,८९,६६८ मतांच्या फरकाने निवडून आले. त्या निवडणुकीत देशात एवढा फरक दुसऱ्या कोणाचा नव्हता. लिंबायतच्या आमदार २०१२पासून संगीता पाटील आहेत. मतपेटीत आमचं वजन आहे. पण मत मोजलं जातं तेव्हा माणूस आकडा असतो. वर्तमानपत्राच्या पानावर त्याला नाव लागतं, वाक्य लागतं, मत लागतं. एक हक्क मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

मराठीत यावरचा उपाय जुना आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये 'दीनबंधू' काढला आणि पुढे तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवला. लोखंडे स्वतः कापड गिरणीत नोकरी केलेले. गिरणी कामगारांच्या व्यथा त्यांनी आधी छापल्या, मग त्यांची संघटना उभारली आणि १८९०मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ३१ जानेवारी १९२०ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, हे स्पष्ट सांगितलं. ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं, त्यांचा नायक असं नाव त्यांनी पत्राला दिलं. कापडाच्या गिरणीतून मराठी पत्रकारितेची एक मोठी धारा निघाली, ही गोष्ट पांडेसऱ्यातल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी.

आजचं उदाहरण हवं असेल तर मालेगाव बघा. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी २०००मध्ये घरच्या साधनांवर 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातलेच, बोली गावातली, खर्च खिशातला. पुढे फैजा अहमद खान यांनी या धडपडीवर माहितीपट केला आणि २०२५मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. मालेगावचं नाव बाहेर दंगलींनी आणि स्फोटांनी ओळखलं जायचं. तिथल्या पोरांनी स्वतःचे सिनेमे काढले आणि गावाला दुसरी ओळख मिळवून दिली. ती त्यांना कोणी दिली नव्हती.

आता या संग्रहाविषयी. यात मिलची रात्रपाळी आहे. घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायकांचे हिशेब आहेत. श्रावणात परक्या शहरात आमची देवी कानबाई बसवताना तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू कसे जमवले, ते आहे. चाळीतल्या उडिया आणि बिहारी शेजाऱ्यांविषयी तीन लेख आहेत आणि मी ते मुद्दाम मध्यभागी ठेवले आहेत. आपलं दुःख सांगताना शेजाऱ्याचं झाकलं गेलं, तर आपण त्या पेपरवाल्याहून वेगळे कसे? जिथे लेखकाने अहिराणीत सांगितलं तिथे अहिराणीच ठेवली आहे. ती सुधारलेली नाही, तिला हसायला जागा ठेवलेली नाही. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिलेले नाहीत. मोठ्याने वाचा, कळेल.

पहिला मजकूर जिभाऊंचा आहे. ते बोलत गेले आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीने लिहून घेतलं. आगीच्या रात्री कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद केला, आत अडकलेल्या दुसऱ्या कामगाराला त्यांनी कसं ओढून काढलं, दवाखान्यात नेणारा रिक्षावाला कोण होता, हे सगळं त्यात आहे. तो दुसरा कामगार बिहारचा होता. जिभाऊंना त्याचं नाव, गाव, पोरांची नावं, सगळं आठवतं. त्या दिवशीच्या बातमीत ते दोघे मिळून 'दोन परप्रांतीय' होते.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. या पुस्तकात प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलं आहे. आधी ते नाव वाचा, मग मजकूर. आणि उद्या सकाळी पेपरमध्ये, मुंबईत असो की सुरतेत, 'परप्रांतीय' असा शब्द दिसला, तर संपादकाला दोन ओळींचं पत्र लिहून विचारा: त्या माणसाचं नाव काय?